दक्षिणेचं दार

चौकटीची वही पत्र्याच्या ट्रंकेत सापडली, आईच्या दोन लुगड्यांच्या खाली. मी तिला शोधत नव्हते. मी नुसती ट्रंक उघडत होते, कारण घरात उघडायचं राहिलेलं तेवढंच होतं.

बाबांचं असं झालंय. चार महिन्यांपूर्वी अर्धांगाचा झटका आला, उजवा हात-पाय गेला आणि त्यांच्याबरोबर बोलणंही गेलं. सुरुवातीला आठ-दहा शब्द शिल्लक होते. पाणी, नको, बस, आईचं नाव. मग लग्नघरातले पाहुणे एकेक करून निघतात तसे तेही निघून गेले आणि गेल्या पंधरा दिवसांत एकच मागे राहिला. ‘उघड.’ पाणी हवं असलं तर ते डाव्या हाताने तांब्या दाखवतात. कूस बदलायची असली तर चादर ओढतात. ‘उघड’ मात्र कशाकडेही बोट न दाखवता म्हणतात, थेट माझ्याकडे बघून. डॉक्टर म्हणाले, अशा आजारात एखादा शब्द नुसताच जिभेवर राहतो, त्याचा अर्थ लावत बसू नका. डॉक्टरांचं ठीक आहे. त्यांच्याकडे बघून कुणी दिवसातून चाळीसदा ‘उघड’ म्हणत नाही.

बाबांचं सगळं करायला वांगणीहून सुनंदामावशी येतात. सकाळी आठला आल्या की पहिलं बाबांचं अंग पुसून घेतात, मग पेज भरवतात. आताशा पेज भरवणं म्हणजे निम्मी लढाई. बाबा घास तोंडात धरून ठेवतात, गिळत नाहीत, मग मान फिरवून उशीवर सोडून देतात. आज मावशींचाही धीर सुटला.

“ताई, सकालपासून उघड उघड चाललंय,” त्या स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या. “खिरकी उघडली. कपाट उघडला. गोल्यांचा डबा उघडला, फ्रीजपन उघडून दाखवला. आता माझा डोसका उघडू काय?”

हसू आलं आणि लगेच रडूही आलं. मग मी कामाला लागले. गॅलरीचं दार उघडलं, देवघराचा खण उघडला, माळ्यावरची खोकी उघडली. प्रत्येक वेळी बाबांच्या खोलीत येऊन विचारायचं, “हे का बाबा?” आणि प्रत्येक वेळी त्यांचे डोळे म्हणायचे, नाही. शेवटी पलंगाखालची ट्रंक ओढली. आत लुगडी, पितळेचं एक फुलपात्र आणि ती वही.

वहीला डांबरगोळ्यांचा वास होता. पण मी पानांत अगदी नाक खुपसलं, तेव्हा त्या वासाच्या मागे अजून एक वास निघाला, मिरी घातलेल्या पापडाचा. तीस वर्षं एका वहीत पापडाचा वास राहू शकत नाही, हे मलाही कळतं. पण मला तो आला.

त्या वर्षी बाबांची कंपनी बंद झाली होती. का बंद झाली ते मला तेव्हा कुणी सांगितलं नाही आणि पुढे मीही विचारलं नाही. मला आठवतो तो बदलापूरला कुळगावातल्या आमच्या घराच्या ओट्यावर भर दुपारी बसलेला बाबांचा पाठमोरा बनियन. शाळेतून येताना बाबा ओट्यावर दिसणं ही गोष्टच विचित्र होती, दिवसा चंद्र दिसल्यासारखी. आई सुकट भाजायची आणि त्या वासात घर नेहमीसारखंच वाटायचं, पण दुसऱ्या कारखान्याचा पहिल्या पाळीचा भोंगा झाला की बाबा उगाच उठून उभे राहायचे आणि परत बसायचे.

मग कुणीतरी सांगितलं की अंबरनाथ पूर्वेला एका कारखान्यात स्टोअरकीपर हवाय, पण कंप्युटर येणारा. बाबांनी कंप्युटर पाहिलाही नव्हता. उल्हासनगरला, चार नंबर कॅम्पात, एक सिंधी माणूस घरातच क्लास घेतो असं कळलं. रविवारी सकाळी बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि मलाही वेणी घालून यायला सांगितलं. मी आठवीत.

“मी कशाला?” मी विचारलं.

“तुला इंग्रजी येतं, मला माल येतो,” बाबा म्हणाले. “दोघांत मिलून एक मानूस व्हईल.”

क्लास घेणाऱ्या त्या परसू सरांच्या अंगणात खाटांवर पापड वाळत घातलेले असायचे. त्यांची आई, जिला सगळे अम्मा म्हणायचे, एक फडकं घेऊन कावळे हाकत बसायची. शेजारच्या गाळ्यात जीन्स शिवायची मशिनं दिवसभर खडखडायची आणि वाऱ्याची दिशा बदलली की वालधुनी नदीचा तो खास वास यायचा, रंगाचा आणि कुजल्याचा. पण रविवारी सकाळी सगळ्यांवर मात करायचा तो अम्माच्या पकवानाच्या, म्हणजे मैद्याच्या खुसखुशीत पुऱ्यांच्या, तळणीचा वास. क्लासची खोली मागे होती. चपला बाहेर काढायच्या. आत एकच कंप्युटर, सगळे त्याला मशीनच म्हणायचे, त्यावर धुतलेला टॉवेल घातलेला, आणि मशीनच्या डोक्यावर सिंध्यांच्या झुलेलाल देवाचा फोटो आणि उदबत्तीचं घर. टॉवेल काढताना सर तो लहान बाळाच्या अंगावरून काढावा तसा काढायचे.

बाबांची बोटं पहिल्या दिवशी की-बोर्डावर उतरेचनात. ज्या हातांनी बाबा पन्नास किलोचं पिंप तिरकं करून गडगडवत न्यायचे, ते हात एक बटण दाबायला घाबरत होते. “बिघारलं तर?” असं त्यांनी मला हळूच विचारलं. सरांनी ऐकलं. सर तेव्हा चाळिशीचे असतील, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी एक फ्लॉपी काढली आणि म्हणाले, “साईं, पहले डर निकालते हैं. ये मैंने खुद लिखा है. खेलो.”

तो खेळ म्हणजे काय होता, ते आता सांगितलं तर आजच्या मुलांना खोटं वाटतं. त्यात चित्र नव्हतं, आवाज नव्हता. काळ्या पडद्यावर हिरवी इंग्रजी अक्षरं यायची. मशीन लिहायचं की तुम्ही एका मोठ्या घराच्या ओसरीत उभे आहात. अंधार आहे. जमिनीवर एक कंदील आहे. उत्तरेला वाट आहे, पूर्वेला जिना आहे, दक्षिणेला एक दार आहे, ते बंद आहे. एवढं सांगून मशीन गप्प बसायचं आणि एक लहानसा चौकोन लुकलुकत राहायचा. पुढे काय करायचं ते आपण लिहायचं. घरातून बाहेर पडायचं, इतकंच काम होतं.

बाबांचं सगळं इंग्रजी रजेच्या अर्जांवर पोसलेलं. त्यांनी एका बोटाने, प्रत्येक अक्षर शोधत, पहिलं वाक्य लिहिलं. रिस्पेक्टेड सर, प्लीज गिव्ह मी लॅम्प. लिहून झाल्यावर त्यांनी शर्टाची कॉलर सारखी केली. मशीनने उत्तर दिलं, आय डोंट अंडरस्टँड.

सर पोट धरून हसले. “साईं, ये मशीन है, साहब नहीं. इसको दो लफ्ज बोलो. क्या करना है, और किसका करना है. तीसरा लफ्ज बोलोगे तो पागल हो जाएगा.”

मी असते तर रागावले असते. बाबा रागावले नाहीत. त्यांनी पडद्याकडे बघून मान हलवली आणि म्हणाले, “बरं.” आणि परत लिहायला घेतलं. तो ‘बरं’ मला अजून ऐकू येतो. मशीन जितक्या वेळा म्हणायचं की मला कळलं नाही, तितक्या वेळा बाबा म्हणायचे बरं, आणि दुसऱ्या शब्दाने बघायचे. चूक आपलीच आहे, आपण नीट सांगितलं नाही, असा त्यांचा कायम समज होता.

कंदील मिळाला तेव्हा माझं बोट आपोआप दक्षिणेच्या अक्षराकडे गेलं. दार समोर होतं, दुसरं कुठे जाणार? बाबांनी माझं मनगट धरलं.

“दखनेला नाय जायाचं.”

“खेळ आहे बाबा.”

“खेल असंल. पयलं पाऊल दखनेला नाय.”

बाबा तसे देव-देव करणारे नव्हते. पण दक्षिण म्हटली की त्यांचं सगळं अंग ताठ व्हायचं. दक्षिणेकडे तोंड करून जेवायचं नाही, दक्षिणेकडे पाय करून झोपायचं नाही, ती यमाची दिशा. तसं झोपवतात ते फक्त गेलेल्या माणसाला. आमच्या गावचं स्मशानही त्याच अंगाला होतं, नदीकडे. लहानपणी झोपेत मी आडवी-तिडवी फिरायचे, तर बाबा उठून मला चटईसकट वळवून ठेवायचे आणि सकाळी आई सांगायची, तुझ्या बापाने रात्रभर तुझं घड्याळ लावलं.

म्हणून आम्ही उत्तरेला निघालो.

त्या वाटेने मग दीड वर्ष गेलं, रविवारी रविवारी. मी चौकटीच्या वहीत नकाशा काढायला लागले, एक चौकट म्हणजे एक खोली. मशीन इंग्रजीत किचन म्हणायचं, स्टोअर म्हणायचं. बाबांनी खोल्यांना आपली नावं दिली. माजघर, कणगीची खोली, मोरी. जिन्यावरच्या एका खोलीत एक म्हातारी बसलेली असायची आणि काही विचारलं तरी उत्तर द्यायची नाही, ती खोली म्हणजे आत्याचं घर. एकदा बाबांनी तिला काय द्यावं यावर येताना गाडीत बदलापूर स्टेशन येईपर्यंत विचार केला आणि शेवटी म्हणाले, “पान दिलं पायजे. म्हातारी पानाबिगर बोलत नसते.” पान त्या खेळात नव्हतं. मी पुढच्या रविवारी लिहून बघितलं. मशीनला कळलं नाही. बाबा म्हणाले, बरं.

कंदिलात तेल मोजकं होतं. ठरावीक पावलं चाललं की तो विझायचा आणि पडद्यावर यायचं, यू आर डेड. पहिल्यांदा हे आलं तेव्हा मी वाचून अर्थ सांगितला.  बाबा उठले, बाहेर अंगणात गेले, नळाखाली पाय धुतले, तोंडावर पाणी घेतलं आणि मगच परत येऊन बसले. मेल्याचं कानावर आलं की पायांवर पाणी घ्यायचं, त्यात विचारायचं काय? त्यानंतर आम्ही किती वेळा मेलो याला गणती नाही. प्रत्येक वेळी बाबा उठून पाय धुवायचे. अम्मा पापडांवरून नजर वर करून सरांना ओरडायची, “अरे परसू, ये आदमी इतने पैर क्यों धोता है? चप्पल में क्या है इसके?”

उन्हाळ्यात अम्मा आम्हाला पन्हं द्यायची, वर वेलची तरंगणारं. पावसाळ्यात खाटा आत यायच्या, मग पापडांच्या चळतींमधून तिरकं होऊन मशीनपर्यंत जावं लागायचं आणि फ्लॉपी दमट झाली म्हणून सर ती शर्टाच्या आत, पोटाशी धरून गरम करायचे. दसऱ्याला बाबांनी झेंडूची माळ नेली. कंपनीत ते दरवर्षी आपल्या काट्याची आणि ट्रॉलीची पूजा करायचे, आता हत्यार हेच होतं. त्यांनी मशीनला हळद-कुंकू लावलं, माळ घातली आणि की-बोर्डाला हात लावून कपाळाला लावला. सर हसले नाहीत. त्यांनी झुलेलालच्या उदबत्तीतली एक काढून बाबांच्या हातात दिली.

घरी आल्यावर आई विचारायची, “आज किती खोल्या झाल्या?” जसं काही आम्ही शेत नांगरून आलोय. बाबा अगदी मन लावून सांगायचे. आईला त्या घराचा सगळा नकाशा तोंडपाठ झाला होता आणि तिने मशीन एकदाही पाहिलं नव्हतं.

आम्हाला दोर सापडला, पेटी सापडली, आणि माजघराच्या फडताळात एक चावी सापडली. ती चावी कुठल्याच दाराला लागेना. मी तेरा वर्षांची असले तरी इतकं मला कळत होतं.

“बाबा, ही चावी दक्षिणेच्या दाराची आहे.”

“असंल.”

“मग?”

“दुसरीकडून वाट असंलच,” बाबा म्हणाले. “घराला एकच दार कदी नसतं.”

पुढे बाबांना तशीच एक स्टोअरकीपरची नोकरी लागली. टाइपिंग त्यांना येत होतं, सगळं त्या घरात हिंडून हिंडून शिकलेलं. शेवटच्या रविवारी ते पेढे घेऊन गेले. मी म्हटलं, आज तरी ते दार उघडू. बाबांनी जरा विचार केल्यासारखं केलं आणि मशीनवर टॉवेल टाकला, कडा सारख्या केल्या. “ऱ्हायलं तर ऱ्हायलं,” म्हणाले. मला खूप राग आला होता. दीड वर्षाचे रविवार, आणि शेवट माहीत नाही. गाडीत मी अंबरनाथपासून बदलापूरपर्यंत खिडकीबाहेरच बघत बसले. त्या रागावर मी आज हसते, पण तेव्हा तो खराखुरा होता.

या सगळ्याला वर्षं लोटली. आमचं कुळगावचं घर गेलं, त्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत आम्हाला दुसऱ्या मजल्यावर हा फ्लॅट मिळाला. मी शिकले, नोकरीला लागले. काम सॉफ्टवेअर तपासायचं, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या मशिनी कुठे अडतात ते शोधायचं. लग्न केलं नाही. आई गेली. आईला बाहेरच्या खोलीत ठेवलं तेव्हा माणसांनी घाईत चटई कशीही टाकली होती. बाबांनी सगळ्यांना थांबवलं, स्वतः वाकून चटई वळवली, तिचे पाय दक्षिणेला केले. आयुष्यभर ज्या दिशेपासून त्यांनी आम्हाला वळवत ठेवलं, तिकडे तिला त्यांनी आपल्या हाताने केलं. मग मोरीत जाऊन पाय धुतले आणि कितीतरी वेळ नळ बंद केला नाही.

परसू सर मला पाचेक वर्षांपूर्वी पुन्हा भेटले. बाबांसाठी आरामखुर्ची घ्यायला मी उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात गेले होते, आणि शेजारच्या मोबाइलच्या कव्हरांच्या दुकानात काउंटरमागे एक म्हातारा बसला होता, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. मी नाव सांगितलं, त्यांना आठवेना. मग मी बाबांचं सांगितलं.

“अरे, वो पैर धोने वाले साईं की बेटी!” ते टाळी वाजवून म्हणाले. अम्मा कधीच गेली, मशीन भंगारात दिलं, फ्लॉप्यांना बुरशी लागली, हे सगळं त्यांनी चहा येईपर्यंत सांगून टाकलं. तो खेळ आता जगात कुठेच नव्हता. मग मी विचारलं. इतक्या वर्षांचा प्रश्न, उगाच हसत हसत विचारला, की दक्षिणेच्या दारामागे काय होतं?

“साउथ?” सर गोंधळले. “कुछ नहीं. आँगन. एक पेड़, थोड़ी धूप. लिखा था, यू आर आउट. गेम खत्म.” मग त्यांच्या लक्षात आलं. “तुम लोगों ने खोला ही नहीं? बेटा, वो तो मैंने नए लोगों के लिए बिल्कुल सामने रखा था. चाबी लो, वापस आओ, दरवाजा खोलो. पाँच मिनट का गेम था.”

मी घरी येताना सगळ्या वाटेने हे बाबांना कसं सांगायचं याची तालीम करत होते. घरी आले तर ते गॅलरीत उभे होते, खुर्ची येतेय म्हणून टेम्पोची वाट बघत. “सर भेटले,” मी म्हटलं. “कसे हाईत?” त्यांनी विचारलं. “म्हातारे झाले,” मी म्हटलं. पुढचं सांगितलं नाही. पाच मिनिटांचं होतं हे ऐकून त्यांचे ते रविवार लहान होतील, असं काहीतरी मला वाटलं. किंवा नुसतंच राहून गेलं. त्यांनीही विचारलं नाही. त्यानंतर पाच वर्षं आम्ही एका घरात राहिलो, रोज जेवलो, आणि ते मी सांगितलं नाही. आता सांगून त्यांना किती पोचेल, कोण जाणे.

आज वही हातात घेऊन मी ट्रंकेपाशी बसले होते. पहिल्या पानावर पहिली चौकट, ओसरी. तिच्या खालच्या अंगाला दक्षिणेचं दार, पेन्सिलीने गच्च काळं केलेलं. बाजूला बाबांच्या अक्षरात, पावतीवर लिहावं तसं, ‘दार बंद. जायचं नाही.’ खाली दोन रेघा.

ते वाचलं आणि मी वर बघितलं. बाबांचा हॉस्पिटलसारखा पलंग या लांबट खोलीत एकाच पद्धतीने बसतो. डोकं वर करायचा भाग भिंतीच्या बाजूला, कारण हवेच्या गादीचा प्लग तिथेच आहे. मी मोबाइलमधलं होकायंत्र उघडलं आणि त्यांच्या उशाशी धरलं. काटा थरथरला आणि थांबला. डोकं उत्तरेला. पाय थेट दक्षिणेला. चार महिने.

 आईची चटई ज्यांनी वळवली, त्या माणसाला मी चार महिने तसंच निजवून ठेवलं होतं, आणि त्याच्याकडे हे सांगायला शब्द नव्हता. ‘वळव’ शोधायला गेले असतील आणि हाताला ‘उघड’ लागला असेल. मला अगदी खात्रीच पटली. मी मावशींना हाक मारली, खालून वॉचमनला बोलावलं. पलंग फिरेना, दाराच्या चौकटीत अडकला. शेवटी आम्ही तिघांनी चादरीची झोळी करून बाबांनाच त्या पलंगावर उलटं फिरवलं. मागे उशा रचल्या, गादीची नळी लांबवली. सगळा वेळ बाबा छताकडे बघत होते. मावशी दमून म्हणाल्या, “आता बरा वाटतंय का बाबा? आता पाय चांगल्या दिशेला केलेत तुमचे.”

मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. इतकी आशा मी हॉस्पिटलातसुद्धा केली नव्हती.

दुपारी मावशींनी पेज आणली. बाबांनी घास तोंडात धरला, मान फिरवली, सोडून दिला. आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “उघड.”

मावशी पातेलं घेऊन निघून गेल्या. खोलीत गॅलरीतून तिरकं ऊन आलं होतं.  ज्या मुलीला त्यांनी दोन माणसांमधला अर्धा माणूस म्हणून उल्हासनगरला नेलं होतं, तिला त्यांचा एक शब्द वाचता येत नव्हता. मग करायचं काय म्हणून मी ती वही त्यांच्या समोर धरली, नुसतीच, लहान मुलाला चित्रं दाखवावीत तशी.

त्यांनी ओळखली. डाव्या हाताचं बोट उठलं, ओसरीवर आलं. मी वाचलं, “ओसरी.” बोट उत्तरेला सरकलं. “माजघर,” मी म्हटलं. “कणगीची खोली. मोरी.” बोट जिन्यावर गेलं. “आत्याचं घर,” मी म्हटलं, आणि बाबांच्या ओठाचा डावा कोपरा हलला. फार हळू, सगळ्या खोल्या आम्ही फिरलो. फडताळापाशी बोट थांबलं. “चावी,” मी म्हटलं. मग ते आल्या वाटेने परत निघालं, एकेक चौकट, आणि ओसरीत आलं. तिथे जरा टेकलं. आणि खाली सरकून त्या काळ्या केलेल्या दारावर, त्या दोन रेघांवर, येऊन थांबलं.

“उघड,” बाबा म्हणाले.

दोन शब्द पुरे होतात, असं सर म्हणायचे. काय करायचं, आणि कशाचं. चार महिन्यांत पहिल्यांदा त्यांचं पूर्ण वाक्य माझ्यापर्यंत पोचलं होतं. मी उगाच त्यांना वळवलं होतं. ते त्या दिशेला घाबरत नव्हते, ते तिकडेच निघाले होते. सगळ्या खोल्या बघून झाल्या होत्या, दुसरीकडून वाट नव्हती, कंदिलातलं तेल संपत आलं होतं, आणि ते दाराशी उभं राहून मला विचारत होते. आणि त्या दारामागे काय आहे ते आम्हा दोघांत फक्त मला माहीत होतं. अंगण. एक झाड, थोडं ऊन.

मला सांगता आलं असतं. जा बाबा, भिण्यासारखं काही नाही, असं एकदा म्हणता आलं असतं. पण मग मी या खोलीत एकटी उरणार होते, आणि ते माझ्याच्याने होईना. माझ्या हातात कुठलं दार नव्हतं, कुठली चावी नव्हती. फक्त एवढं होतं की मला कळलंय हे कबूल करायचं की नाही.

“कळलं नाही, बाबा,” मी म्हटलं.

ते माझ्याकडे खूप वेळ बघत राहिले. मी डोळे वहीत घातले. बाहेर कुणाच्या तरी कुकरची शिट्टी झाली, मावशींनी नळ सोडला. मग पंधरा दिवसांत न आलेला एक शब्द आला, अगदी स्वच्छ आला.

“बरं,” बाबा म्हणाले.

आणि त्यांनी दारावरचं बोट उचललं, पुन्हा ओसरीवर ठेवलं, आणि मी वाचेन याची वाट बघत ते थांबले.